आधी घेते हं!

दर आठवड्याला या सदरात आपली गाठ पडते ती घाईघाईची. तुम्ही एका हातात कप धरून वाचता आणि मीही एका हातात कप धरूनच लिहितो. दिवाळी अंकाचं तसं नसतं. लोडाला टेकून, चकली कुडकुडत वाचायचा तो अंक. तेव्हा आज जरा ऐसपैस बसू आणि ज्याच्या आधारावर आपली ओळख इतकी वर्षं टिकली त्या चहाविषयीच बोलू. मात्र या चहासाठी तुम्हांला माझ्याबरोबर जपानपर्यंत यावं लागेल.

गेल्या वैशाखात आम्ही उभयता जपानला गेलो होतो. आमची कन्या आणि जावई नोकरीनिमित्त ओसाकाला असतात. दोघांनी पंधरा दिवसांत आम्हांला इतकं दाखवलं, की रात्री डोळे मिटले तरी आत काहीतरी पळतच असे. अखेर एका सोमवारी दोघांनाही सुट्टी मिळेना. तेव्हा कन्या म्हणाली, "बाबा, आज तुम्ही दोघंच उजीला जाऊन या. धावपळ करू नका. चहा प्यायचा, बागेत फिरायचं आणि परत यायचं."

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच," ती म्हणाली आणि आईकडे बघून हसली. त्या हसण्याचा अर्थ मला संध्याकाळी कळला.

सौ.ने निघताना थर्मासमध्ये आपला आलं घातलेला, दुधाचा चहा भरून घेतला. उजीला चहा घेऊन जाणं म्हणजे नागपूरला संत्री नेण्यापैकी आहे, असं मी म्हणून पाहिलं. पण तिचं उत्तर तयार होतं. "तिथला चहा तुम्हांला आवडला नाही तर दुपारभर डोकं धरून बसाल. मला माहीत नाही का!"

ओसाकाहून निघालं की चुशोजिमा या स्टेशनावर गाडी बदलायची. तिथून आठच स्टेशनांचा एक लहानसा फाटा उजीला जातो. वाटेत ओबाकु लागतं. तिथे मानपुकु-जी नावाच्या मठाच्या दारासमोर एक शिळा आहे आणि त्या शिळेमागे एक गोष्ट आहे. चहा जपानात पूर्वीही येऊन गेला होता, पण त्याने नीट मूळ धरलं ते एइसाइ हा झेन भिक्षू ११९१ साली चीनहून बी घेऊन परतल्यावर. या एइसाइने १२११ साली चहाच्या औषधी गुणांवर पुस्तकही लिहिलं. म्हणजे चहा त्या देशात शिरला तो काढ्याचं सोंग घेऊन! एइसाइने थोडं बी म्योए नावाच्या भिक्षूला दिलं आणि म्योएने ते उजीला आणलं. पण बी किती अंतरावर पेरायचं हे इथल्या शेतकऱ्यांना उमजेना. तेव्हा म्योए घोड्यावर बसला, शेतातून फिरला आणि म्हणाला, जिथे जिथे टाप उमटली आहे तिथे तिथे बी टाका. खरंखोटं म्योएला ठाऊक. पण कृषिखात्याच्या पत्रकापेक्षा ही सूचना शेतकऱ्याला लवकर कळली असेल, यात शंका नाही.

आपला 'चहा' आणि त्यांचा 'चा' ही एकाच चिनी शब्दाची लेकरं. मात्र जपानी माणूस नुसतं 'चा' म्हणत नाही, 'ओचा' म्हणतो. हा 'ओ' आदराचा. आपण जसं 'रावसाहेब' म्हणतो तसं ते 'चहासाहेब' म्हणतात, इतकंच समजा. ज्या पेयाला आपण 'टाका हो अर्धा कप' म्हणून हाक मारतो, त्याला इथे अहोजाहो करतात.

उजी स्टेशनाच्या बाहेर पडलं की समोर नदी आणि नदीवर पूल. इथला पहिला पूल ६४६ साली बांधला असं सांगतात. आजचा आहे १९९६चा. पुलाच्या तोंडाशीच त्सूएन नावाचं चहाचं दुकान आहे. ११६० पासून आपण इथेच आहोत, असं ते घराणं सांगतं. पूर्वी पुलाची राखण करावी आणि येणाऱ्याजाणाऱ्याला चहा द्यावा, हे त्यांचं काम. दुकानाची सध्याची इमारत १६७२ची, म्हणजे शिवराज्याभिषेकाच्या दोन वर्षं आधीची. पुलावर एके ठिकाणी सज्जासारखा भाग नदीवर पुढे आलेला आहे. सोळाव्या शतकात साऱ्या जपानवर हुकमत गाजवणारा हिदेयोशी आपल्या चहासाठी नेमकं तिथलंच पाणी काढवून घेई, अशी आख्यायिका आहे. आजही शरदातल्या चहाच्या उत्सवात त्याच जागेवरून पाणी उपसतात.

"पाण्यावरच असतं सगळं," सौ. कठड्यावरून वाकून म्हणाली. "लग्न होऊन पुण्याहून मुंबईला आले तेव्हा महिनाभर माझा चहा जमत नव्हता. तुमच्या आई म्हणायच्या, हिला चहासुद्धा करता येत नाही."

मी काही बोललो नाही. ही गोष्ट मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

पलीकडे चहाच्या दुकानांची एक गल्ली आहे. भाजलेल्या चहापानांचा खरपूस वास साऱ्या गल्लीत भरलेला असतो. त्या वासाचं बोट धरून चालत गेलं की ब्योदोइनचं देऊळ येतं. १०५२ साल हे धर्मलोपाच्या युगाचं पहिलं वर्ष, अशी तेव्हाच्या जपानी लोकांची समजूत होती. आपल्या भाषेत कलियुग लागलं! तेव्हा फूजिवारा नो योरिमिची या बड्या कारभाऱ्याने नदीकाठचा आपला वाडा देवाला दिला आणि पुढच्याच वर्षी तळ्याच्या मधोमध अमिदा बुद्धासाठी मंदिर उभं केलं. दोन्ही बाजूंना पसरलेली दालनं म्हणजे जणू पंख, आणि छपरावर पितळी रंगाची दोन पाखरं. म्हणून त्याला फीनिक्स मंडप म्हणतात. दहा येनच्या नाण्यावर हेच मंदिर आहे. मी खिशातून नाणं काढून ताडून पाहिलं. नाण्यावर तळं मात्र नाही, आणि खरी गंमत तळ्यातच आहे.

अमिदाचा स्वर्ग पश्चिमेला. म्हणून मंदिराचं तोंड पूर्वेला आणि बघणाऱ्याने उभं राहायचं तळ्याच्या या काठावर, पश्चिमेकडे तोंड करून. मंदिराच्या जाळीला एक गोल झरोका ठेवला आहे. त्यातून जोचो या शिल्पकाराने घडवलेल्या मूर्तीचा चेहरा, तेवढाच, पाण्यापलीकडून दिसतो. स्वर्ग कसा असेल हे लोकांना सांगत बसण्यापेक्षा त्याने ते बागेत मांडून दाखवलं. काठाला गोट्यांची उतरती किनार आहे, पाइनची झाडं आहेत, आणि वारा पडला की पाण्यात दुसरं मंदिर उलटं उभं राहतं.

अशा या स्वर्गात सौ. शिरली ती भाजीमंडईत शिरल्यासारखी. पिशवी छातीशी, पदर खोचलेला, नजर पुढे. तळ्याला निम्मा वळसा घालून तिने मागे वळून विचारलं, "अहो, पुढे काय आहे?"

"काही नाही. परत हेच तळं, पलीकडून."

"मग?"

या 'मग'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या शेजारी एक जपानी गृहस्थ वीस मिनिटं एकाच जागी उभे होते. ढग सरकला की पाण्यातलं मंदिर पुसट व्हायचं आणि पुन्हा उमटायचं. तेवढंच ते बघत होते. सौ.ने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा पाण्याकडे पाहिलं आणि ती हळूच बाकावर टेकली. पाठ मात्र बाकाला लावली नाही. कुणी हाक मारली तर उठता यावं, अशी ती बसली होती.

बागेतून निघून आम्ही गल्लीतल्या एका दुकानात चहा चाखायला बसलो. आधी चहाबद्दल दोन शब्द सांगतो, कारण ते तिथल्या काउंटरवरच्या मुलीने फार मायेने समजावून दिले. झाड एकच. आसामात तेच, दार्जिलिंगला तेच आणि उजीलाही तेच. आपल्याकडे पानं चुरडून हवेवर काळी पडू देतात, म्हणून आपला चहा काळा. जपानात पानं खुडल्याबरोबर वाफेवर धरतात, त्यामुळे ती हिरवीच राहतात. वाफ देऊन, हाताने वळून, वाळवायची उजीची रीत नागातानी सोएन नावाच्या शेतकऱ्याने १७३८ साली बसवली. त्या चहाला म्हणतात सेंचा. त्याच्याही वरची पायरी म्हणजे ग्योकुरो. त्यासाठी खुडण्याआधी वीसएक दिवस मळ्यावर छप्पर घालतात. पूर्वी ते बोरूचं आणि पेंढ्याचं असे, आता काळ्या जाळीचं असतं. ऊन तोडलं की पानातला तुरटपणा वाढत नाही आणि गोडवा टिकून राहतो. आम्ही गेलो तो नव्या चहाचाच हंगाम होता. स्टेशनाजवळच्या बागेतला मळाही असाच बुरखा घेऊन उभा होता.

हा ग्योकुरो उकळत्या पाण्यात करायचा नाही. पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत पन्नास-साठ अंशांवर आणायचं, मूठभर पानांवर घोटभर घालायचं आणि दोन मिनिटं गप्प बसायचं. मग शेवटचा थेंबसुद्धा निथळून घ्यायचा. समोर आलेला चहा पाहून मी दचकलो. सत्यनारायणाच्या तीर्थाइतका, पळीभर! पण जिभेवर टेकवला आणि बोलणं बंद झालं. तो चहासारखा मुळीच लागत नव्हता. मुगाच्या कढणासारखा दाट, थोडा समुद्राच्या वाऱ्यासारखा, आणि साखरेचा कण नसताना गोड. हीच ती 'उमामी' नावाची चव, जिला १९०८ साली इकेदा किकुनाए या रसायनशास्त्रज्ञाने नाव दिलं. त्याच पानांवर जरा गरम पाणी घालून दुसरा चहा, आणखी गरम घालून तिसरा. शेवटी ती पानं सॉस घालून कोशिंबिरीसारखी खायला दिली. सौ. बेहद्द खूश झाली. "बघा! काही म्हणून फुकट गेलं नाही."

दुपारी नदीकाठच्या ताइहोआनमध्ये गेलो. हे उजी नगराने चालवलेलं चहाघर. कुणीही यावं, तिकीट काढावं आणि रीतसर चहा घ्यावा. दारापर्यंत जायला बागेतून दगडांची पायवाट असते. चहागुरू सेन नो रिक्यू म्हणे, की दगड मांडताना सहा आणे चालण्याची सोय बघावी आणि चार आणे शोभा. त्याचा शिष्य ओरिबे म्हणे, चालणं चार आणे आणि शोभा सहा. दोघांच्या हिशेबात रुपया दहाच आण्यांचा, ते सोडून द्या. पण दगडांवरून चालताना एक होतं: घाई करताच येत नाही. माणूस खाली बघतो, पाऊल टाकतो, थांबतो. जिथे जायचं नाही तिथे दगडावर काळ्या दोरीने बांधलेला एक लहान धोंडा ठेवतात. 'प्रवेश बंद'ची पाटी नाही की शिपाई नाही. माझ्या पुढे चालणारी सौ. पहिल्यांदाच सावकाश चालताना मी पाहिली.

आत आमच्याखेरीज दोनच पाहुणे होते. ऐंशीच्या घरातल्या एक आजी आणि त्यांची नात. नातीला इंग्रजी चांगलं येत होतं. खोलीत तातामीच्या चटया, कोनाड्यात एक लेखनपट आणि एकच फूल. कोनाड्याजवळची जागा मुख्य पाहुण्याची. मी सवयीने तिकडे सरकलो. लग्नमुंजीत पाट कुठला, हे मला आजवर कधी विचारावं लागलं नव्हतं. तोच आजींनी हसत सौ.च्या कोपराला हात लावला आणि तिला त्या जागेवर बसवलं. मी आपला दुसऱ्या नंबरावर.

यजमानीणबाईंनी काम सुरू केलं. वाडगा धुतला, पुसला. बांबूच्या चमच्याने हिरवी पूड घातली. हा माच्चा. पानं न वळता वाळवून जात्यावर दळतात, आणि एका जात्यावर तासाला जेमतेम चाळीस ग्रॅम पडतो. बांबूच्या एकाच कांडाला चिरून केलेल्या नाजूक रवीने त्यांनी तो घुसळला. खोलीत पाण्याच्या सणसणण्याखेरीज आवाज नव्हता. आधी आम्हांला गोड वडी दिली. मग वाडगा सौ.समोर आला.

तिने तो दोन्ही हातांनी उचलला आणि सरळ माझ्यापुढे धरला. "घ्या."

नात घाईने पुढे वाकली. "नाही, नाही. पहिला तुमचा. तुम्ही फक्त शेजारच्या पाहुण्याला म्हणायचं, 'ओसाकी नी'. म्हणजे, तुमच्या आधी घेते हं, राग मानू नका."

सौ.ने माझ्याकडे पाहिलं. तशी ती कुणाच्या बापाला भिणारी बाई नव्हे. कन्येच्या लग्नात हॉलवाल्याला तिने उभा-आडवा घेतला होता. पण आता तिचा आवाज फुटेना. वाडगा तिने आम्हां दोघांच्या मध्ये ठेवला, वाकली आणि कसंबसं म्हणाली, "ओसाकी नी." आणि मग नातीला कळू नये म्हणून मराठीत, "आधी घेते हं."

वाडगा उचलायचा, दोनदा किंचित फिरवायचा, म्हणजे त्याच्या दर्शनी बाजूला आपले ओठ लागत नाहीत. मग प्यायचा. शेवटचा घोट फुर्रकन आवाज करून घ्यायचा, म्हणजे यजमानाला कळतं की चहा संपला. बशीतून फुरके मारतो म्हणून मला आजवर चारचौघांत चिमटे काढणाऱ्या सौ.ने, चारचौघांत, मोठ्याने फुरका मारला. आजींनी समाधानाने मान हलवली.

मी मात्र दुसराच हिशेब करत बसलो होतो. गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत पहाटे साडेपाचला पहिला चहा अण्णांचा, बिनसाखरेचा. मग आईचा, गुळाचा. मग माझा. मग मुलांचं दूध. मग माझा दुसरा. तिचा चहा कुठे होता? आठवलं. पातेल्यात तळाशी जो उरे, गाळासकट, तो ती कान तुटलेल्या कपात ओतून ओट्याशी उभ्यानेच पिऊन टाकी. बहुतेक गार झालेला. अडतीस वर्षांत तिला बसून, गरम चहा पिताना मी पाहिलं नव्हतं. आणि पाहिलं नव्हतं, हेही मला इथे येईपर्यंत कळलं नव्हतं. पुढे माझाही वाडगा आला, पण त्याची चव काही लक्षात राहिली नाही.

बाहेर नदीकाठी बाकावर बसलो. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ती पाण्याकडे बघतच म्हणाली, "कोणी माझ्यासाठी म्हणून चहा करून पुढे ठेवला, त्याला किती वर्षं झाली सांगू? ही पोरगी झाली तेव्हा. माहेरी बाराव्या दिवशी आईने सुंठ घालून दिला होता. पस्तीस वर्षं झाली." आवाजात तक्रार नव्हती. भाजीचा भाव सांगावा तसा तिने आकडा सांगितला. तिची आई जाऊन आता एकोणीस वर्षं झाली.

मी थर्मास उघडला. झाकणात चहा ओतला, तर एक झाकण भरलं आणि तळाशी थोडा उरला. म्हणजे सकाळीसुद्धा तिने एकाच माणसाचा चहा घेतला होता. झाकण मी तिच्यापुढे केलं.

"आणि तुम्हांला?"

"आधी तू."

तिने घेतला. अर्धा झाल्यावर झाकण माझ्याकडे दिलं आणि म्हणाली, "आलं जास्त झालंय." संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा कन्येने दारातच विचारलं, "काय पाहिलंत, बाबा?" ती पुन्हा तशीच हसत होती. मी म्हटलं, "तुला जे लहानपणापासून दिसत होतं, ते."

मुंबईला परतल्यावर मी जाहीर केलं, की सकाळचा पहिला चहा यापुढे मी करणार. त्या रिक्यूची एक गोष्ट सांगतात. कुणा शिष्याने विचारलं, चहाचं रहस्य काय? रिक्यूने सांगितलं, पाणी उकळेल असा निखारा घाल, पिणाऱ्याला रुचेल असा चहा कर. शिष्य म्हणाला, हे तर मलाही माहीत आहे! त्यावर रिक्यू म्हणाला, जमत असेल तर मीच तुझा शिष्य होतो. पहिल्या दिवशी माझं दूध उतू गेलं. दुसऱ्या दिवशी साखर दोनदा पडली. तिसऱ्या दिवशी गाळणं सापडेना, आणि अडतीस वर्षं त्याच घरात राहून गाळणं कुठे असतं हे विचारावं लागलं, याची मला लाज वाटली.

पण माझ्यापेक्षा कठीण काम सौ.चं होतं. तिला बसवेना. आठवडाभर ती खुर्चीवरून चारदा उठायची. "आयता चहा घ्यायचा म्हणजे इस्पितळात असल्यासारखं वाटतं हो," ती म्हणाली. बसायची सवय लागायलाही दिवस जातात, हे मला ठाऊक नव्हतं. आता सहा महिने झाले. चहा अजून पाणचट होतो, तिची नापसंती रोज नव्याने व्यक्त होते, पण ती खुर्चीत बसून होते. आणि परवापासून तिची पाठ खुर्चीला टेकलेली दिसते.

तेव्हा मंडळी, नरकचतुर्दशीच्या पहाटे घरातली बाई सगळ्यांच्या आधी उठते, उटणं कालवते, पाणी तापवते, ओवाळते, फराळाची ताटं भरते. तिच्या चहाची चौकशी जरा करून बघा. पातेल्यात किती उरलाय ते नाही, कपात किती ओतलाय ते. आमच्या घरी यंदा पहिला कप कुणाचा, हे ठरलेलं आहे. बिघडला तर दोष माझा. फुरका मात्र ती मारील.